पाटाच्या उंचीवरून

ती 'कट' म्हणायची नाही. शॉट संपला की 'असू दे' म्हणायची आणि मग कॅमेरा बंद करायची. वर्गातल्या एकानं तिला यावरून छेडलं, तर म्हणाली, "कट म्हटलं की माणूस दचकतंय. असू दे म्हटलं की चहा पिऊन उठल्यागत उठतंय. तू करून बघ की."

त्यानं करून बघितलं नाही. मी बघितलं, घरी, एकट्यानं. हे मी तिला कधी सांगितलं नाही. तसं मी कुणालाच फारसं काही सांगत नाही. माझा धंदा ऐकण्याचा आहे, आणि ऐकण्याच्या आड माणसाला पुष्कळ वर्षं लपून राहता येतं. तिच्याबद्दल लिहायचं तर मात्र तो आडोसा सोडावा लागणार.

बंगळूरात तरुण मुलामुलींना कला शिकवणारा एक कार्यक्रम चालतो. नाटक, चित्रं, फिल्म असं सगळं. फिल्मच्या मुलांना आवाज कसा टिपायचा आणि कसा साफ करायचा, हे मी शिकवतो. त्याआधी एका सरकारी कारखान्यात यंत्रांचे आवाज तपासायचं काम करत होतो. वडीलही तिथेच इंजिनियर होते. मी पन्नाशी ओलांडलेला, लग्न न केलेला, जयनगरच्या घरात आईबरोबर राहणारा. ती चोवीस-पंचवीसची, निपाणीकडची, फिल्म करायचीच म्हणून घरच्यांशी भांडून आलेली.

पहिल्या दिवशी ती वर्गात आली ती कापडी पिशवीत पाट घेऊन. जेवायला बसतो तो लाकडी पाट, चारी कोपऱ्यांना पितळी फुल्या असलेला. सगळे खुर्च्यांवर बसले, तीही खुर्चीवरच बसली. पाट निघाला तो कॅमेरा हातात आल्यावर. जमिनीवर पाट मांडला, त्यावर मांडी घातली, कॅमेरा छातीशी धरला आणि समोरच्या फळ्याकडे बघत राहिली. त्यानंतर तिनं जे जे चित्रित केलं ते सगळं त्याच उंचीवरून. बस असो, भाजीबाजार असो, कुणाची मुलाखत असो, ती पाटावर. माणसं उभी असली की तिच्या चौकटीत त्यांचे गुडघे आणि हात यायचे, चेहऱ्यासाठी त्यांना खाली बसावं लागायचं. आणि गंमत म्हणजे बसायची. जयनगरच्या बाजारात मी एका जाड्या फुलवाल्याला तिच्याशी बोलायला फुटपाथवर मांडी घालताना पाहिलं आहे. त्याचं गिऱ्हाईक उभं राहून ओरडत होतं आणि तो म्हणत होता, "स्वल्प तडी सार, मातु नडीता इदे." जरा थांबा, बोलणं चाललंय.

आनेकलहून ती रोज बसनं यायची. तिथे स्वस्तात जागा मिळते म्हणून कारखान्यात काम करणाऱ्या तीन बायकांबरोबर एका खोलीत राहत होती. बसमधला कंडक्टर पाट बघून रोज विचारायचा, "मदुवेना अक्का?" म्हणजे लग्नाला चाललीस का. ती रोज उत्तर द्यायची, "हौदु, नंदे." हो, माझ्याच. एके दिवशी त्यानं खरोखरच एक मोगऱ्याचा गजरा आणून तिच्या हातात ठेवला. तो तिनं पाटाला बांधला.

तिची भाषा हा वर्गातला दुसरा विनोद. पुण्या-मुंबईची मुलं निम्मं इंग्रजी बोलायची, आणि ही म्हणायची, "मी आलो सर," "मी जेवलो," "मी उद्या येतो." तिकडं बायका असंच बोलतात. एका मुलीनं तिला सुधारायला घेतलं. "आले म्हण गं, आले."

"आलं? चहात घालायचं?"

"ओ गॉड. तू मुलगी आहेस ना?"

"व्हय की. पण आलो तर मीच न्हवं?"

आमच्या कार्यक्रमाच्या प्रमुख, त्यांना सगळे मॅडम म्हणत, पुण्याच्याच. त्यांना ती आवडायची आणि झेपायची नाही. "बघ, लो अँगल इज फाइन," त्या म्हणायच्या, "पण एव्हरी शॉट? प्रेक्षकाला वाटेल कॅमेरामनला पायच नाहीत."

"बसलेल्या माणसाला पाय असत्यात की मॅडम, दुमडलेले."

माझ्याशी तिचं एकदाच वाजलं. मी मुलांना टिपलेला आवाज स्वच्छ करायला दिला होता. तिनं खोलीतल्या एका मैत्रिणीची मुलाखत आणली होती. बाई गावच्या आठवणी सांगतेय आणि मागे कुकर शिट्ट्या देतोय. मी म्हटलं, शिट्ट्या काढ, त्या काढता येतात, मी दाखवतो.

"काढल्या तर ती बाई मधीच गप का बसती ते कसं कळणार सर?"

"का बसते?"

"शिट्ट्या मोजालीय की ती. डाळ लागली तर बाकीच्या तिघी उपाशी."

मी परत ऐकलं. खरंच, बाई आठवणीच्या ऐन भरात थांबत होती, आणि थांबून पुन्हा गाव सुरू करत होती. इतकी वर्षं मी मुलांना नको असलेले आवाज ओळखायला शिकवत होतो. त्या दिवशी घरी जाऊन मी पुढच्या आठवड्याच्या तासाची सगळी मांडणी बदलली. तिला मात्र एवढंच म्हणालो, "ठीक आहे, राहू दे."

"असू दे म्हणा की सर," ती म्हणाली. मी हसलोसुद्धा नाही. असाच आहे मी.

तिच्या सवयींपैकी सगळ्यात विचित्र सवय मी अजून सांगितलेली नाही. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी ती दारात थांबून विचारायची, "येऊ का?" खोलीत माणूस असो नसो. कानडी घर असेल तर कानडीत, हिंदी असेल तर हिंदीत. रिकामी खोली असेल तर जरा वेळ थांबायची आणि काही आवाज आला नाही की शिरायची. एकदा मुलांनी तिची थट्टा करायचं ठरवलं. एडिटिंगच्या खोलीत चौघंजण अंधार करून लपून बसले. तिनं दारातून विचारलं, "येऊ का?" आतून एकजण घोगऱ्या आवाजात म्हणाला, "नको!"

सगळे हसू दाबून वाट बघत राहिले. ती आलीच नाही. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन बघतात तर ती जिन्यापाशी पाट टाकून डब्यातले चिरमुरे आणि कच्चा कांदा खात बसलेली.

"अगं, आम्हीच होतो!" ते म्हणाले.

"म्हाईत हाय की. सुऱ्याचा आवाज मी वळखतो."

"मग आत का नाही आलीस?"

"नको म्हटलासा न्हवं?"

ती रागावली नव्हती. त्यांना चिरमुरे देत होती. पोरांना मात्र हसता येईना.

त्या वर्षी मी मुलांना एक अभ्यास दिला. कुणीतरी राहत असलेली एक खोली ऐकून या. महिनाभर त्याच खोलीत जा, आणि त्यातूनच शेवटची फिल्म करा. या शेवटच्या फिल्म तीन जणांचं मंडळ बघणार होतं: मॅडम, बाहेरचे एक पाहुणे आणि मी. ज्याची फिल्म निवडली जाईल त्याला पुढचं वर्षभर मोठी फिल्म करायची संधी मिळणार होती. ती संधी तिला किती हवी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण निपाणीत तिच्या लग्नाच्या गोष्टी पुढं सरकल्या होत्या आणि एका वर्षाचं कारण मिळालं असतं तर त्या थांबल्या असत्या.

"सर, मला खोलीच न्हाई," ती भर वर्गात म्हणाली. "आमच्या तिघी पाळीवरनं येऊन झोपत्यात. त्यांच्या झोपंत कॅमेरा कुठं लावू? तुमच्या घरात हाय का एखादी खोली?"

सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी "आहे" म्हणून गेलो.

आता आईबद्दल सांगायला हवं. आई धारवाडकडची. घरी मराठी, शेजारी कानडी, अशी दोन्ही भाषांत वाढलेली. वडील पुण्याचे. लग्नानंतर त्यांनी घरात कानडीला बंदी केली. मुलाची मराठी बिघडेल म्हणून. आईनं ते मानलं. दोन वर्षांपूर्वी तिला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. अखंड बडबडणाऱ्या बाईजवळ एकच अक्षर उरलं, 'बा'. पडल्यापडल्या दाराकडे बघून ती ते म्हणत राहायची. तिला सांभाळायला आमच्याकडेच राहणाऱ्या एक कानडी बाई होत्या, त्यांना मी अक्का म्हणतो. पहिल्या दिवसांत अक्का धावत जायच्या, कारण कानडीत 'बा' म्हणजे 'ये'. अक्का गेल्या की आई मान वळवायची आणि पुन्हा दाराकडे बघत 'बा' म्हणायची. मी अक्कांना सांगितलं, मराठीत बा म्हणजे वडील. ती तिच्या वडिलांना हाक मारते. अक्कांनी मान डोलावली. मराठीतलं त्या काय बोलणार? पुण्याच्या नातेवाइकांनाही फोनवर मी हेच सांगितलं. त्यांनाही पटलं. म्हातारपणी माणूस मूल होतो, असं म्हणून त्यांनी उसासे सोडले. मी दिवसातून दोनदा उंबऱ्यापर्यंत जायचो. "जेवली का?" असं अक्कांना विचारायचो आणि परत फिरायचो. मृत वडिलांना चाललेल्या हाकेत मुलाचं काय काम?

तर त्या रविवारी ती पाट घेऊन आमच्याकडे आली. मी तिला बाहेरच्या खोलीत बसवलं, आईची परिस्थिती सांगितली, ती तिच्या वडिलांना हाक मारते हेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग ती आईच्या दाराशी गेली, चपला नव्हत्याच, तरी पाय पुसले, आणि विचारलं, "येऊ का आज्जी?"

आई म्हणाली, "बा."

ती सरळ आत गेली.

मी मागून म्हणालो, "अगं, ती वडिलांना..."

"बोलावलंय की सर." पलंगाशेजारी पाट मांडता मांडता तिनं विचारलं, "आज्जी त्यांच्या वडलांना काय म्हणायच्या?"

"अप्पा," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो.

त्यानंतर ती दर रविवारी आली. दारात विचारायची, आई 'बा' म्हणायची, ती जायची. कॅमेरा सुरू करून ती आईला बसमधल्या गोष्टी सांगायची. कंडक्टरचा गजरा, खोलीतल्या बायकांची भांडणं, माझ्या तासाला कोण झोपतं, सगळं अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. मी एकदा म्हणालो, "तिला कळत नसेल."

"ऐकत्यात की. तुम्ही सांगून बघितलंय काय?"

दुपारी ती आणि अक्का स्वयंपाकघरात बसून जेवायच्या आणि खिदळायच्या. आमच्या घरात हसणं ऐकून मला बाहेरच्या खोलीत अवघडायला व्हायचं. मग मी उगाच उठून उंबऱ्यापर्यंत जायचो, आणि परत यायचो.

कच्ची फिल्म तिनं मॅडमना दाखवली तेव्हा मी तिथे होतो. फिल्ममध्ये आई जवळजवळ नव्हतीच. होतं ते दार, पलंगाच्या बाजूनं, पाटाच्या उंचीवरून. दारात उजेड बदलतो. अक्कांचं लुगडं येतं, जातं. आणि मधूनमधून दोन पाय येतात. तपकिरी चपला, पायजम्याची करडी कड. उंबऱ्यापाशी थांबतात. एक टाच जरा उचलली जाते. मागून आईचा आवाज येतो, "बा." पाय वळतात आणि निघून जातात.

माझ्या हातात पेन होतं. ते मी खिशात ठेवलं आणि परत काढलं.

"ब्युटिफुल," मॅडम म्हणाल्या. "ते पाय कुणाचे?"

"घरातल्याच एकांचे."

"आणि ती म्हणतेय ते काय? सबटायटल कुठेय?"

"टाकायचं हाय अजून."

"सर म्हणाले होते ना, फादर. फादर टाक. पाय जातात आणि ती फादर म्हणते, सो सॅड. फक्त शेवटाला पाय आत येतात की नाही ते दाखव. एक रविवार आहे ना अजून?"

"हाय," ती म्हणाली.

मॅडम गेल्यावर तिनं कानाला लावायचे हेडफोन माझ्यापुढे ठेवले. "सर, एकच शब्द ल्ह्यायचाय. आधी ऐका."

मी लावले. तिनं आवाज पुढे घेतला, पंख्याची घरघर खाली केली. आईचा श्वास, मग 'बा', आणि त्याच्या शेपटीला लागून जेमतेम उमटलेलं, ओठ न मिटता निसटलेलं, 'रो'.

बारो. कानडीत पाहुण्याला कुणी बारो म्हणत नाही, बाईला म्हणत नाही, आणि बापाला तर नाहीच नाही. घरातल्या मुलाला म्हणतात. ये रे.

"मला म्हाईत न्हवतं," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मी आपला 'बा' ऐकून आत जात हुतो. ते मला न्हवतंच की सर. महिनाभर मी न बोलावता गेलो."

मला वाटलं होतं, ती माझा हिशेब मांडेल. ती स्वतःचा मांडत होती. मग मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी.

मला माहीत होतं. बंगळूरात आठ दिवस राहिलेल्या माणसालाही 'बा' कळतं. मी तर इथेच जन्मलो. 'रो'सुद्धा मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होता, माझे कान तेवढे तयार आहेत. लहानपणी वडील कारखान्यात गेले की आई माझ्याशी चोरून कानडी बोलायची. संध्याकाळी कारखान्याच्या कॉलनीतल्या मैदानाच्या कडेला उभी राहून हाक मारायची, "बारो!" कॉलनीत सगळी महाराष्ट्रातून आलेली कुटुंबं. पोरं मला 'बारो बारो' म्हणून चिडवायची. एक दिवस मी सगळ्यांसमोर तिला म्हणालो, मला मराठीत बोलवत जा, नाहीतर मी येणार नाही. तिनं त्यानंतर तो शब्द कधी उच्चारला नाही. सगळे शब्द गेल्यावर तोच एक तिच्याजवळ परत आला, आणि मी त्याला वडील करून टाकलं. आत गेलो असतो तर तिच्याशी बोलावं लागलं असतं, आणि कुठल्या भाषेत बोलायचं हेच मला कळत नव्हतं.

ती ऐकत होती. मध्ये एकदाही 'अरेरे' म्हणाली नाही, 'असू दे' सुद्धा म्हणाली नाही. मी थांबल्यावर कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

"तुम्ही ल्ह्या. तुम्ही फादर ल्हिलासा तर मी फादर ठेवतो. घर तुमचं हाय."

मी 'कम' असं इंग्रजीत लिहिलं. बघत राहिलो. "यात 'रो' येत नाही," मी म्हणालो.

"न्हाई येत. असू दे."

"आणि पायांचं दृश्य तुला हवं तर ठेव. माझी हरकत नाही."

"आज्जींना बी विचारायला पाहिजे. रविवारी विचारतो."

शेवटच्या रविवारी ती आली. मी सकाळपासून दाढी करून बसलो होतो. मला वाटत होतं, आता ती आत जाईल, पाट मांडेल, कॅमेरा लावेल आणि मी आत जाईन. तिला शेवट मिळेल. खरं सांगायचं तर कॅमेरा असेल या भरवशावरच मी धीर धरला होता. तिच्या फिल्मसाठी जातोय असं स्वतःला सांगता आलं असतं.

ती बाहेरच्या खोलीतच पाट टाकून बसली. कॅमेऱ्याची पिशवी उघडलीसुद्धा नाही.

"चल," मी म्हणालो.

"मला कुठं बोलावलंय? तुम्ही जावा."

"अगं, शेवटचा रविवार आहे. फिल्म अर्धी राहील तुझी. तुला ते वर्ष..."

"म्हाईत हाय मला."

"दारातून तरी घे. लांबून."

"लांबून घेतलं तर चोरून घेतल्यागत हुतंय सर." तिनं पिशवीचा बंद पुन्हा घट्ट ओढला. तिला ते दृश्य हवं होतं, माझ्याहून जास्त हवं होतं. "जावा की. मी हितं बसतो. आणि ते पायांचं वापरू का, तेवढं आज्जींना विचारून या."

आतून आई म्हणाली, "बा." मी उंबरा ओलांडला.

आत काय झालं ते मी लिहिणार नाही. ते तिनं घेतलं नाही, मग मी कशाला घेऊ? एवढंच सांगतो की पायांचं विचारलं तेव्हा आईनं डाव्या हातानं माझी चप्पल ओढून बघायचा प्रयत्न केला, आणि आम्ही त्याचा अर्थ परवानगी असा लावला.

मंडळासमोर तिची फिल्म सुरू झाली तेव्हा मी मॅडमच्या शेजारी बसलो होतो. पाय आले, थांबले, गेले. आले, थांबले, गेले. शेवटी आईचा आवाज, खाली तो एक इंग्रजी शब्द, दारातला उजेड, आणि काळोख. संपलं. कानडी मुलं एकदम गप्प झाली होती. बाकीची आजूबाजूला बघत होती.

"शेवट कुठेय?" मॅडम म्हणाल्या. "ते आत गेले की नाही?"

"गेले मॅडम."

"मग दाखवलं का नाहीस?"

"घेतलं न्हाई."

"का?"

"मला बोलावलं न्हवतं."

मागून हसू फुटलं. पाहुणे हसले नाहीत, पण म्हणाले, "बोलावण्याची वाट बघणारा माणूस या धंद्यात उपाशी राहतो, बेटा." आणि मॅडमकडे वळून हळू म्हणाले, तयारी चांगली आहे, पण शेवट गमावला. आळस की घाबरटपणा, कोण जाणे.

ते ऐकून मी उठलो. इतक्या लोकांपुढे मी शिकवण्याखेरीज कधी बोललेलो नाही. "ते पाय माझे आहेत," मी म्हणालो. "ती माझी आई. शब्द मी चुकीचा सांगितला होता, जाणूनबुजून. ती पाटावर बाहेर बसून राहिली म्हणून मी आत गेलो. कॅमेरा आत असता तर मी फिल्मसाठी गेलो असतो. तिनं शेवट गमावलेला नाही, तो तिनं मला दिला."

मग मॅडम अतिशय सौम्यपणे म्हणाल्या, "सर, आय ॲम सॉरी, पण मग तुम्हाला या फिल्मवर मत देता येणार नाही."

बरोबरच होतं त्यांचं. मी बाहेर जाऊन बसलो. आत दोघांची दोन मतं झाली, आणि तिसरं, तिच्या बाजूचं, जिन्यापाशी बसलं होतं. मॅडमनी पाहुण्यांचा मान राखला, आणि त्यांना आवडलेली, हेब्बाळच्या तलावावरची एक देखणी फिल्म निवडली गेली.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी म्हणालो, "मी गप्प बसलो असतो तर तुला मिळालं असतं."

"मिळालं असतं की," ती म्हणाली. खोटा दिलासा तिला जमत नसे. नाक पुसून तिनं विचारलं, "मग गप का न्हाई बसलासा?"

"तुला घाबरट म्हणाले."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि रडता रडता हसायला लागली. "तेवढ्यासाठी? आवो सर, मी हायच की घाबरट. दार वाजवल्याबिगर मला मुतारीत बी जाता येत न्हाई." आणि मग, "निपाणीचं बघतो मी. आमच्या बाला समजावतो. तुम्ही जावा आता, अक्का वाट बघत असतील. निकाल काय लागला ते आज्जींना सांगा. मी सांगतो म्हणून कबूल केल्तो त्यांना."

ती त्याच आठवड्यात गावी गेली. लग्न झालं नाही, एवढं मला कळलं आहे. ती तिकडेच कुठल्याशा घरांमधून बसून फिल्म करते. कुणाच्या घरात, कुणी बोलावलं म्हणून, ते तिनं फोनवर सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

फिल्म दाखवली त्या संध्याकाळी मी घरी गेलो, आईच्या पलंगाच्या कडेला बसलो आणि निकाल सांगायला लागलो, कानडीत. माझी कानडी बाजारातली, रिक्षावाल्यांशी बोलण्याइतकी. एखादी गोष्ट सलग सांगायची ती भाषा माझ्या तोंडात कधी बसलीच नव्हती. मी सांगितलं, फिल्म चांगली झाली, सगळे गप्प बसले, पण शेवटी ती मुलगी 'सत्लु'.

दारात उभ्या असलेल्या अक्का किंचाळल्या. "अय्यो देवरे! येनु?"

मला कळेना. मी तेच परत म्हणालो, 'सत्लु'. अक्कांनी भिंत धरली आणि मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांच्या ध्यानात आलं. "'सोत्लु' अन्नी! सोत्लु!" सोत्लु म्हणा, म्हणजे हरली. मी आईला सांगत होतो की मुलगी मेली.

आईच्या घशातून एक आवाज आला. आधी मला ठसका वाटला, म्हणून मी तिला उठवायला हात घातला. ठसका नव्हता. तोंडाची डावी बाजू वर गेली होती, खांदे हलत होते. दोन वर्षांत मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. अक्का डोळे पुसत आत आल्या, पायथ्याशी बसल्या आणि म्हणाल्या, असं अर्धवट नको, मोदलिंदा हेळी, पहिल्यापासून सांगा. चुकलात की मी आहे.

मी पाय वर घेऊन नीट बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.